धुळीतील बोटे : बास्केनिसची वाद्यचित्रे

उत्तर इटलीतील बेर्गामो या नगरात सतराव्या शतकाच्या मध्यास एवारिस्तो बास्केनिस या नावाचा एक धर्मगुरू चित्रे काढीत असे. धर्मगुरूच्या हातून संतांची व देवदूतांची चित्रे व्हावीत ही स्वाभाविक अपेक्षा. परंतु ज्या चित्रांमुळे त्याचे नाव टिकले त्यांत संतांना स्थान नाही आणि बहुधा माणसालाही नाही. एक टेबल, त्यावर जाड वेलबुट्टीचा गालिचा, मागे अर्धवट ओढलेला पडदा, आणि गालिच्यावर वाद्ये : ल्यूट, गिटार, व्हायोलिन व तिचा गज, पट्ट्या दाबून तारा छेडावयाची स्पिनेट नावाची लहान पेटी, टेबलाच्या कडेवरून लोंबणारा स्वरलिपीचा कागद, क्वचित एखादे सफरचंद. यांपैकी ल्यूट पुष्कळदा पालथी पडलेली असते. तिची तबली, तारा व तबलीवरील कोरीव जाळी झाकून जाते, आणि डोळ्यांत भरतो तो लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीस एक जोडून घडविलेला फुगीर भोपळा. त्या भोपळ्यावर धूळ साचलेली आहे. आणि त्या धुळीतून कोणीतरी बोटे ओढलेली आहेत. तपकिरी लाकडावरच्या राखाडी थरात बोटांच्या रेषा इतक्या स्पष्ट उमटल्या आहेत की, क्षणभर ती धूळ चित्रातील नसून चित्रावर साचलेली असावी असा भास होतो.

ही बोटे कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु वाद्य हा चित्राचा स्वतंत्र विषय केव्हा व कसा झाला, आणि तो विषय करून चित्रकाराने काय साधले व काय गमावले, याचा विचार या प्रश्नापाशी येऊनच थांबतो.

बास्केनिसचा जन्म १६१७ चा, मृत्यू १६७७ चा. त्याचे घराणे बेर्गामोच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातील आव्हेरारा येथील. भिंतींवर चित्रे काढण्याचा व्यवसाय त्या घराण्यात पिढ्यानुपिढ्या चालत आलेला होता. याच घराण्यातील सिमोने बास्केनिस याने १५३९ मध्ये पिन्झोलो येथील चर्चच्या बाहेरील भिंतीवर मृत्यूचे नृत्य रंगविले. पोपपासून भिकाऱ्यापर्यंत सर्वांना ओढून नेणाऱ्या त्या मिरवणुकीच्या अग्रभागी सांगाडे आहेत, आणि ते वाद्ये वाजवीत आहेत. सव्वाशे वर्षांनी त्याच घराण्यातील पुरुषाने वाद्येच चित्रिली, पण वाजविणारा वगळून. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा असला तरी मनातून सहजासहजी जात नाही. एवारिस्तोने पंचविशीच्या आसपास धर्मदीक्षा घेतली. लोक त्याला ‘प्रेते एवारिस्तो’ म्हणजे ‘पाद्री एवारिस्तो’ या शब्दांच्या जोडातून झालेल्या ‘प्रेवारिस्को’ या लाडक्या नावाने ओळखीत. तो स्वतः वादक होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

युरोपीय चित्रकलेत वाद्ये फार पूर्वीपासून होती. मात्र मध्ययुगात ती देवदूतांच्या हाती असत, व त्यांच्याकडे पाहताना दृष्टी वाद्यावर न ठरता स्वर्गाकडे वळावी अशी योजना असे. वाद्य हातातून सुटून जमिनीवर पडले ते पंधराव्या-सोळाव्या शतकांत. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे राफाएलने १५१४ च्या सुमारास हाती घेतलेले, आज बोलोन्या येथे असलेले, संत सेसिलियाचे चित्र. स्वर्गीय गायन कानी पडताच संगीताच्या या अधिष्ठात्रीच्या हातातील लहान ऑर्गन कलंडला आहे, त्याच्या नळ्या निसटू लागल्या आहेत. आणि तिच्या पायाशी व्हिओल, बासरी, खंजिरी, त्रिकोण ही वाद्ये मोडक्या स्थितीत विखुरली आहेत. आशय उघड आहे : दिव्य संगीतापुढे मानवी संगीत तुच्छ. तथापि प्रत्यक्ष चित्रापुढे उभे राहिले की नजर वरच्या देवदूतांवर थोडा वेळ ठरते आणि खालच्या त्या मोडक्या व्हिओलवर पुष्कळ वेळ खिळते. वासारीने लिहून ठेवले आहे की, ही वाद्ये राफाएलने आपला सहकारी जोव्हान्नी दा उदिने याच्याकडून रंगवून घेतली. वाद्यांसाठी वेगळा हात लागावा, हेच त्यांच्या स्वतंत्र होण्याचे पहिले चिन्ह मानावयास हरकत नाही. ज्या वस्तू तुच्छ ठरवावयाच्या त्या इतक्या प्रेमाने रंगविल्या गेल्या की तुच्छता दुबळी पडली.

दुसरी वाट सुतारकामाच्या दालनातून आली. उर्बिनोचा अधिपती फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याच्या अभ्यासिकांच्या भिंतींवर १४७० नंतरच्या दशकात लाकडी जडावाचे काम झाले. निरनिराळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे बसवून अर्धवट उघडी कपाटे, त्यांतील पुस्तके, यंत्रे आणि वाद्ये दाखविलेली आहेत. येथे लाकडाचे वाद्य लाकडातच घडते. चित्र आणि वस्तू यांचे द्रव्य एकच. बेर्गामोच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्येही लोरेंझो लोत्तोच्या आरेखनांवरून असे जडावकाम झाले होते, आणि ते बास्केनिसच्या रोजच्या पाहण्यातले होते. त्याच्या ल्यूटच्या पट्ट्यांवरील लाकडाच्या रेषा पाहताना या कामाची आठवण व्हावी यात नवल नाही.

तिसरी वाट गणिताची. ड्यूररने १५२५ मध्ये मापनशास्त्रावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक काष्ठठसा आहे. दोन माणसे, एक चौकट आणि भिंतीतील खिळ्यावरून ताणलेली दोरी यांच्या साह्याने एका वस्तूचे बिंदू कागदावर उतरविले जात आहेत. ती वस्तू ल्यूट आहे. गोलवा, निमुळतेपणा आणि काटकोनात मागे वळलेली खुंट्यांची पेटी यांमुळे यथादर्शनाची तीहून कठीण परीक्षा क्वचितच सापडावी. म्हणजे ज्या काळी ल्यूट हे प्रेमगीताचे वाद्य होते, त्याच काळी ते चित्रकाराचे प्रमेयही बनले होते. १५३३ मध्ये होल्बाइनने फ्रेंच राजदूतांच्या चित्रात तीच ल्यूट, एक तार तुटलेली, फळीवर ठेवली. तेथे ती कौशल्याची साक्षही आहे आणि तुटत चाललेल्या धार्मिक ऐक्याची खूणही.

बास्केनिसपर्यंत येताना हे सर्व संस्कार बरोबर येतात, आणि म्हणूनच त्याच्या चित्रांचा अर्थ लावणे सोपे झाल्यासारखे वाटते. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये, विशेषतः लायडनसारख्या विद्यापीठाच्या गावी, ऐहिक सुखांची व्यर्थता दाखविणाऱ्या चित्रांचा एक प्रकारच रूढ झाला होता. कवटी, विझलेली मेणबत्ती, वाळूचे घड्याळ यांच्या शेजारी बासरी किंवा ल्यूट येई; कारण स्वर क्षणात विरतो. त्याच न्यायाने बास्केनिसची धूळ ही मृत्तिकेला मिळणाऱ्या देहाची धूळ, आणि चित्रकार धर्मगुरू असल्याने हा उपदेश उघडच, असे पुष्कळ समीक्षक म्हणत आले आहेत. या अर्थाला आधार नाही असे नाही. परंतु उपदेश करावयाचा असता तर कवटी काढण्यास त्याला कोणी अडविले नव्हते. ज्या वाद्यचित्रांवर त्याची कीर्ती उभी आहे त्यांत ती नाही. मेणबत्तीही विझत नाही. शिवाय धुळीवर बोटे ओढलेली आहेत, आणि बोटे ओढणारा जिवंत असतो. धूळ काळाचे काम सांगते, रेषा मात्र नुकत्याच येऊन गेलेल्या माणसाचे. व्यर्थतेचा सिद्धांत धुळीचा हिशेब देतो, बोटांचा देत नाही.

लेओनार्दोने चित्रकला व संगीत यांची तुलना करताना संगीताला चित्रकलेची धाकटी बहीण मानले होते. त्याचे कारण असे की, संगीत जन्मताच मरते, चित्र मात्र टिकते. चित्रकारांच्या या जुन्या अभिमानाला बास्केनिसचे टेबल हे एक शांत उत्तर आहे. वाद्य टिकले, कागदावरची स्वरलिपी टिकली, चित्रही टिकले; आणि संगीत मात्र यांपैकी कशातच नाही. वाद्याचे चित्र जितके हुबेहूब, तितके त्याचे मौन अधिक जाणवते. मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याचे चित्र पाहताना प्रेक्षक नकळत स्वराची भर घालतो. पालथ्या ल्यूटपुढे ती सोय राहत नाही. चित्रकलेला जे करता येत नाही तेच तिने येथे विषय म्हणून घेतले आहे, आणि असे करण्यास लागणारा नम्रपणा हा उपदेशकाच्या स्वभावाशी जुळणारा नव्हे.

या मौनाला स्थानिक इतिहासाचीही एक बाजू आहे. बेर्गामो तेव्हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकात मोडत असे. पूर्वेस ब्रेशा, दक्षिणेस क्रेमोना. व्हायोलिनच्या जडणघडणीचा आरंभीचा सारा इतिहास या दोन गावांत आहे. १६३० च्या प्लेगने हा प्रदेश ओस पाडला. क्रेमोनात जिरोलामो आमाती त्यात गेला आणि घराण्याची विद्या त्याचा मुलगा निकोलो याच्या एकट्याच्या हाती उरली. बेर्गामोच्या सांता मारिया माज्जोरेचा संगीतप्रमुख आलेस्सांद्रो ग्रांदी, जो पूर्वी व्हेनिसमध्ये मोंतेव्हेर्दीचा सहायक होता, तोही त्याच साथीत बेर्गामोत मरण पावला. बास्केनिस तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. एखाद्या गावातील वाजविणारे हात एका वर्षात नाहीसे होणे म्हणजे काय, हे त्याला ग्रंथांतून शिकावे लागले नसावे. आणखी एक गोष्ट अशी की, त्याच्या प्रौढपणी इटलीत ल्यूटचे दिवस सरत आले होते. साथीसाठी लांब दांडीच्या मोठ्या ल्यूट राहिल्या, पण एकल वादनाचे मानाचे स्थान तिच्या हातून निसटले. मैफल व्हायोलिनकडे गेली, घरगुती करमणूक गिटारकडे व पट्ट्यांच्या वाद्यांकडे. अरबी ‘अल्-ऊद’ या नावापासून निघून स्पेन व सिसिलीच्या वाटेने आलेले हे वाद्य तीन-चार शतके युरोपच्या गळ्यातील ताईत होते. त्याच्या पाठीवरची धूळ, पारलौकिक अर्थ बाजूस ठेवला तरी, इतिहासाच्या दृष्टीने खरी धूळ आहे.

बास्केनिसची सर्वोत्तम कृती म्हणून बेर्गामोच्या आल्यार्दी घराण्यासाठी १६६५ च्या सुमारास काढलेल्या तीन चित्रांच्या मालिकेचा उल्लेख करावा लागेल. डावीकडच्या चित्रात काळ्या झग्यातील चित्रकार स्वतः स्पिनेटपुढे बसला आहे, शेजारी ओत्ताव्हियो आल्यार्दी मोठी ल्यूट वाजवीत आहे. उजवीकडच्या चित्रात आलेस्सांद्रो हा गिटार वाजवीत असून त्याचे आणखी दोन भाऊ सोबत आहेत. मधल्या चित्रात कोणी नाही, फक्त वाद्ये. दोन्ही बाजूंना वादन चालू आहे, आणि मध्ये शांतता आहे. पाश्चात्त्य कलेत तिहेरी चित्राचा मधला भाग वेदीवर असतो व तेथे क्रूसावरचा ख्रिस्त किंवा माता मेरी असावयाची, हे ध्यानात घेतले म्हणजे या रचनेचे धाडस कळते. अर्थात ही घरात लावावयाची चित्रे होती आणि त्यांना वेदीचा मान देणे अतिरेकाचे होईल. परंतु चित्रकार पट्ट्यांवर हात ठेवून प्रेक्षकाकडे पाहत आहे, आणि मधल्या टेबलावरची वाद्ये याच मंडळींच्या परिचयाची आहेत, एवढे निश्चित दिसते. एकदा हे चित्र पाहिल्यावर धुळीतील बोटे कोणा अनामिकाची राहत नाहीत. ती वाद्य ठेवून उठलेल्या, आणि कदाचित परत येऊन बसणाऱ्या, वादकाची होतात.

येथे स्तुतीला आवर घालणे योग्य होईल. बास्केनिसच्या अनेक चित्रांत तीच ल्यूट, तोच कोन, तीच वळणे पुन्हा पुन्हा येतात. आराखड्याचे कागद जपून ठेवून तो ते फिरवून वापरीत असे. बेर्गामोच्या सधन घरांतून या चित्रांना मागणी होती, आणि मागणीबरोबर जी सराईतता येते ती त्याच्याही वाट्याला आली. त्याच्या मागून आलेल्या बार्तोलोमेओ बेत्तेराने टेबले अधिक भरली, गालिचे अधिक झळझळीत केले. वाद्यांची गर्दी वाढली आणि मौन हरवले. फ्रान्समधील कलापंडितांनी याच सुमारास फळाफुलांच्या व निर्जीव वस्तूंच्या चित्रांना विषयांच्या उतरंडीत अगदी तळाशी बसविले होते. बेत्तेराची चित्रे पाहिली की त्यांचे अगदीच चुकले होते असे म्हणवत नाही.

भारतीय वाचक या चित्रांपुढे थोडा अवघडतो, आणि त्याचे कारण शैलीच्या अपरिचयापेक्षा खोल आहे. ज्या घरात तंबोरा असतो तेथे तो गवसणीत असतो. त्याला पाय लागू नये, त्यावर धूळ बसू नये, दसऱ्याला त्याची पूजा व्हावी हा संस्कार वादकाच्या अंगात मुरलेला असतो. पालथे टाकलेले, धुळीने माखलेले वाद्य हे त्याला चिंतनाचा विषय वाटण्यापूर्वी घरातील अनास्थेची खूण वाटेल. आपल्या चित्रपरंपरेत वाद्यांना तोटा नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातील नर्तकीभोवती बासऱ्या, टाळ व मृदंग वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. चुनार येथे १५९१ मध्ये आणि चावंड येथे १६०५ मध्ये चितारलेल्या रागमालांपासून पुढे दोन-अडीचशे वर्षे वीणा घेतलेली तोडी रागिणी व तिच्याभोवतीची हरिणे नाना दरबारांत रंगविली गेली. पण वाद्य एकटे टेबलावर ठेवून त्याचेच चित्र काढण्याची परंपरा येथे निर्माण झाली नाही. रागच जेथे नायक किंवा नायिका होऊन देहधारी होतो, तेथे वाद्य हे त्या देहाचे अंग ठरते. ते सुटे करून पाहण्याचे प्रयोजन उरत नाही.

विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ‘किताबे नवरस’ या त्याच्या गीतसंग्रहात त्याच्या तंबोऱ्याचा नावानिशी उल्लेख येतो. त्या तंबोऱ्याचे नाव मोतीखान. राजाच्या हत्तीला नाव असावे तसे वाद्याला नाव. फर्रुख बेगने काढलेल्या, आज प्रागमध्ये असलेल्या चित्रात हा सुलतान तंबोरा हाती घेऊन तो छेडीत आहे. अकबराच्या दरबारातील बीनकार नौबतखान याच्या, मन्सूरचे म्हणून मानल्या जाणाऱ्या चित्रातही बीन खांद्यावर आहे, आणि तिचे दोन भोपळे व पडदे इतक्या बारकाईने काढले आहेत की कारागिराने त्यावरून मापे घ्यावीत. निरीक्षणाची शक्ती बेर्गामोच्या पाद्र्याहून कमी नव्हती. वाद्य खाली ठेवण्याची कल्पनाच नव्हती. पुढे तैलरंगाचे पाश्चात्त्य तंत्र पूर्णपणे आत्मसात केलेल्या राजा रविवर्म्यानेही १८८९ मध्ये म्हैसूरच्या दरबारासाठी संगीतमंडळीचे मोठे चित्र काढले तेव्हा निरनिराळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया एकत्र बसविल्या आणि वाद्ये त्यांच्या हाती दिली. लाकडाची झिलई, रेशमाची चमक, सर्व काही त्याला साधत होते. जे तंत्राबरोबर येणे शक्य नव्हते ते आले नाही, इतकेच.

यावरून एक परंपरा श्रेष्ठ व दुसरी अपुरी असा निवाडा करण्याची घाई नको. वाद्याला देवघरात स्थान देणाऱ्या समाजाने त्याचे एकटेपण पाहिले नाही, हे खरे. आणि ज्यांनी ते पाहिले त्यांना आधी वाद्याची आणि वादकाची ताटातूट मान्य करावी लागली, हेही तितकेच खरे.

युरोपात ही ताटातूट विसाव्या शतकाच्या आरंभी एका अनपेक्षित ठिकाणी भरून निघाली. जॉर्ज ब्राकने १९०८ मध्ये वाद्यांचे एक चित्र काढले, व आपले पहिले खरे घनवादी चित्र म्हणून तो पुढे त्याचाच निर्देश करी. घरे रंगविणाऱ्या रंगाऱ्यांच्या कुळातला हा माणूस लाकडाचा खोटा पोत कसा उठवावा हे वडिलांच्या हाताखाली शिकला होता, आणि स्वतः वाद्ये वाजवीत असे. वाद्यच का, याचे त्याने नंतर दिलेले उत्तर असे की, स्पर्श केला असता जिवंत होणे हा वाद्याचा विशेष आहे. बास्केनिसच्या धुळीतील बोटांवर याहून नेमके भाष्य शोधूनही सापडणार नाही, आणि ब्राकने ते त्या चित्रांविषयी केलेले नाही. त्याच्या हाती व्हायोलिनचे व गिटारचे तुकडे झाले. कारण हाताला वस्तू जशी कळते, म्हणजे एका वेळी एक बाजू, तशी ती डोळ्याला दाखवावी ही त्याची खटपट होती. १९१२ च्या शरद ऋतूत त्याने लाकडाच्या पोताचा छापील कागदच विकत आणून चित्रावर चिकटविला, आणि उर्बिनोच्या जडाव कारागिरांचे काम उलट टोकाकडून पुन्हा सुरू झाले.

घनवाद्यांच्या चित्रांत गिटार, मँडोलिन व व्हायोलिन यांची रेलचेल आहे. ल्यूट शोधावीच लागते. लंडनच्या टेट संग्रहालयातील ब्राकच्या १९०९–१० मधील चित्रात तिच्या जातीचे एक लहान वाद्य, मांडोरा, आहे. त्याचे अंग राखी व तपकिरी छटांच्या असंख्य पैलूंनी भरले आहे, पाठीमागे एक बाटली आहे, आणि वाद्याचे तोंड, तारा व मधले वाटोळे छिद्र प्रेक्षकाकडे आहे.